तेच घर, फक्त उलटं

मी खडूने आखून दिलेल्या चौकोनात हमालांनी फ्रिज बरोबर बसवला. मग त्यांच्यातल्या थोराड माणसाने दार उघडून बघितलं, तर ते वीतभर उघडून भिंतीवर आपटलं. त्याने पुन्हा एकदा उघडून खात्री करून घेतली आणि म्हणाला, "ताई, याच्यात आता फक्त ताटल्या राहतील. त्याही उभ्या."

बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. हातातल्या आलेखाच्या कागदावर फ्रिज हा एक चौकोन होता, आणि चौकोनाला दार नसतं. गेले कित्येक दिवस मी खोल्या मोजत होते, भिंतीपासूनची अंतरं काढत होते. एखाद्या वस्तूला स्वतःचं डावं-उजवं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि हे सगळं मोजमाप ज्या एका गोष्टीसाठी चाललं होतं, ती गोष्ट खाली जिन्याजवळ खुर्चीत बसून फोनवर कुणाला तरी सांगत होती की दाढ ठणकत असेल तर उद्या सकाळचीच वेळ घ्या.

ती म्हणजे आई. आईला दिसत नाही. काचबिंदूने आधी कडेचं गेलं, मग मधलं. डोळे असताना ती ज्या भाड्याच्या घरात राहिली, डोळे गेल्यावरही त्याच घरात राहिली, आणि त्यामुळे परक्या माणसाला दारात उभं राहून तिच्यात काही वेगळं आहे हे पटकन कळायचंच नाही. मी दिवसभर कामावर. ती एकटी. स्वयंपाक तिचा, कपडे तिचे, आणि एका दातांच्या दवाखान्याचे सगळे फोन तिच्याकडे वळवलेले. कुणाला कधी बोलावलंय हे ती तोंडपाठ ठेवायची आणि संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना म्हणून दाखवायची. घरात वावरताना ती पावलं मोजते असं लोकांना उगाचच वाटायचं. कुणी विचारलं की ती म्हणायची, "तुम्ही जेवताना जिभेने दात मोजता का?"

मालकाला ते घर मोकळं हवं होतं. आम्ही शोधत होतो तेव्हा समोरच्याच इमारतीतलं एक विकायला निघालं, आणि मी नाचायचीच बाकी राहिले. दोन्ही इमारती एकाच नकाशावरून बांधलेल्या. फक्त एकमेकींकडे तोंड करून उभ्या, आणि हिच्यासाठी बिल्डरने तो नकाशा डावा-उजवा उलटवलेला, म्हणून इथलं प्रत्येक घर तिथल्या घराची आरशातली प्रतिमा. जुन्या घरात आत शिरलं की स्वयंपाकघर डावीकडे, इथे उजवीकडे. जुन्या ओट्याच्या उजव्या टोकाला खिडकी, इथे डाव्या. पण लांबी तीच, रुंदी तीच, उंबरे तेच. मी आईला म्हटलं, तुला एकच नियम लक्षात ठेवायचाय, डावं ते उजवं. आईने तो पाढ्यासारखा दोनदा म्हटला आणि म्हणाली, सोपंय की.

दादाला ते सोपं वाटत नव्हतं. माझा हा मोठा भाऊ रात्रभराच्या रेल्वे प्रवासाइतका लांब राहतो. सामान हलवायला म्हणून तो रजा काढून आला, आणि आल्या आल्या त्याने टेबलावर परतीची तिकिटं ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीची. दोन. एक त्याचं आणि एक आईचं.

तो वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून टाकते. त्याच्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या होत्या आणि घरचे परत येईपर्यंत तिथेच पडून राहिल्या. त्या दिवशी दार त्याने उघडलं होतं. तेव्हापासून त्याच्या मनात प्रत्येक घरातलं न्हाणीघर तसंच आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं. जुन्या घराची गोष्ट वेगळी, तिथे मी कधी तोंड उघडलं नाही. नव्या घरात आईला एकटीला जमतंय असं या दोन दिवसांत माझ्या डोळ्यांना दिसलं, तर तिचं तिकीट रद्द. नाही दिसलं, तर ती माझ्याकडे येईल, दिवसभर घरात माणूस असेल, आणि तू सुट्टीत भेटायला ये. आई यावर म्हणाली होती, "म्हणजे परीक्षा. बरं. पण परीक्षकाने मधे मधे खोकायचं नाही."

तिने हसण्यावारी नेलं, पण नंतर तिने मला हळूच विचारलं की दादाच्या घरी फोन घेता येतील का. दादाकडे दोन लहान मुलं, टीव्ही आणि एक कुत्रा आहे. तिने परत विचारलं नाही.

तर असा तो फ्रिज. मी हमालांना तो दुसऱ्या भिंतीला लावायला सांगितला आणि ते ओढत असताना घरभर फिरून एकेक गोष्ट तपासू लागले. न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ डावीकडे होता. जुन्या घरातही तो डावीकडेच होता. म्हणजे भिंत उलटली होती, नळ उलटले नव्हते. कपाटाची किल्ली त्याच हाताने फिरत होती, पण कपाटच आता दाराच्या दुसऱ्या अंगाला होतं. खोल्या उलट्या आणि वस्तू सुलट, अशी सगळी सरमिसळ. मी रसायनशास्त्र शिकले आहे. डाव्या आणि उजव्या हातासारखे एकमेकांचं प्रतिबिंब असलेले रेणू असतात, वजन तेच, उत्कलनबिंदू तोच, आणि शरीरात गेले की एक औषध आणि दुसरं भलतंच काहीतरी. यावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती.

तेवढ्यात खालून गलका आला. इमारतीच्या सेक्रेटरीने लिफ्टमध्ये सामान चढवायला बंदी केली होती. आमचा मजला तिसरा. हमाल जिन्यावर बसून राहिले, दादा सेक्रेटरीशी हुज्जत घालत होता, सेक्रेटरी प्रत्येक वाक्याला "नियम म्हणजे नियम" म्हणत होते. वर गच्चीवरच्या टाकीचा पंप बंद, म्हणून नळाला पाणी नाही. सुतार सकाळी येतो म्हणाला होता आणि फोन उचलत नव्हता. शेवटी सोफा जिन्याच्या वळणावर अडकला आणि तो सोडवण्यात सेक्रेटरींनीच एक पाय धरला, तेव्हा कुठे भांडण मिटलं.

या गोंधळात आई वर आली. मी तिचा हात धरायला गेले, तिने सोडवून घेतला. "परीक्षक बघतोय," ती पुटपुटली.

ती दिवाणखान्यातून आतल्या खोलीकडे निघाली. मी तिच्याकडे बघत होते आणि मला बरं वाटत होतं, कारण ती जुन्या घरात चालायची तशीच चालली होती. मान ताठ, हात सैल, चांगल्या वेगात. आणि मग जिथे दार यायला हवं तिथे ती वळली. डावीकडे. दार उजवीकडे होतं. ती पुऱ्या वेगात भिंतीवर गेली. आवाज फार मोठा झाला नाही. कपाळ आणि गुडघा एकदमच लागले असावेत.

दादा जिन्यात होता. आईने भिंतीला हात टेकला, क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "खोकं होतं ना मधे?"

मधे काहीच नव्हतं. फरशी मोकळी होती.

"हो," मी म्हटलं. "कुणीतरी ठेवलंय. उचलते."

तिने केस कपाळावर ओढून घेतले. पण दुपारपर्यंत तसं आणखी दोनदा झालं. एकदा दाराची कड तिच्या खांद्याला लागली, एकदा तिने पाण्याचा पेला टेबलावर ठेवला आणि तिथे टेबल नव्हतं. पेला स्टीलचा होता म्हणून नुसता घरंगळला. दादाने तो उचलून दिला. त्याने काही म्हटलं नाही, आणि तेच मला जास्त जड गेलं. तो माझ्याकडे बघून भुवया उंचावून हसला असता, "काय प्रोफेसर" म्हणून टोमणा मारला असता, तर मी भांडले असते. तो शांत होता. तो खरोखरच बघत होता.

मी आईला बाजूला घेऊन विचारलं, नियम लक्षात आहे ना? ती म्हणाली, लक्षात आहे गं, डोक्याला पाठ आहे. मग जरा थांबून म्हणाली, "डोक्याला."

गॅस जोडणारा माणूस येऊन गेला तेव्हा ऊन उतरू लागलं होतं. शेगडी मी कागदावर होती तशीच, ओट्याच्या खिडकीकडच्या टोकाला ठेवून घेतली. दादा ट्रकवाल्याचा हिशेब मिटवायला खाली गेला आणि मी खोक्यांतून चादरी शोधत होते. तेवढ्यात आई स्वयंपाकघरात शिरली. तिला बहुधा दादा वर यायच्या आत, कुणी बघत नसताना एकदा करून बघायचं होतं.

पुढे काय झालं ते मी नंतर जुळवलं. आमच्या शेगडीला दोन बर्नर, मोठा उजवीकडे. जुन्या घरात मोठा बर्नर म्हणजे खिडकीकडचा. इथे खिडकी डावीकडे, म्हणून आईने नियम लावला आणि पातेलं डाव्या बर्नरवर ठेवलं. ते डोक्याने केलं. पण चावी फिरवायला हात गेला, तेव्हा हाताने डोक्याला विचारलं नाही. तो गेला उजव्या चावीकडे, जिथे तो इतकी वर्षं जात होता. गॅस उजवीकडून सुटला. ती डावीकडे लायटर धरून टिचकी मारत राहिली. एकदा, परत, परत. आणि उजव्या बर्नरवर कुणीतरी भांडी गुंडाळलेला कागद सोडून ठेवला होता.

मला आधी वास आला. मी "आई, थांब" म्हणेपर्यंत तिलाही वास आला होता, ती वासाच्या दिशेने झुकली होती, आणि लायटर तिच्या हातात होता. ती टिचकी तिने मारली की लायटर हातून नकळत दाबला गेला, कोण जाणे. भप्पकन मोठा आवाज झाला. कागद पेटला, तिच्या स्वेटरची बाही पेटली. मी तिच्या हातावर चादर टाकून दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने चावी बंद केली. सगळं मिळून एका श्वासात संपलं असेल. तिच्या मनगटावरचे केस जळाले होते, कातडी लाल झाली होती, त्याहून जास्त काही नाही. नळाला पाणी नव्हतं. मी पिण्याच्या बाटलीतलं तिच्या हातावर ओतत होते तेव्हा दादा दारात उभा होता.

तो ओरडला नाही. त्याने खिडकी उघडली, जळका कागद उचलून टाकला, आईच्या हाताला मलम लावलं, फुंकर घातली. मग तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून म्हणाला, "आई, उद्या संध्याकाळी आपण निघू."

आई म्हणाली, "बरं."

तिने वाद घालावा म्हणून मी वाट बघत होते. रात्री ब्रेडवर काहीतरी लावून आम्ही तिघांनी खाल्लं. दादा तिची बॅग भरत होता, मी घड्या करून देत होते, आणि ती पलंगावर दुखऱ्या मनगटावर दुसरा हात ठेवून बसली होती. तिचा फोन वाजला तर तिने तो उचललासुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं हे तिला ठरवता आलं नसेल.

सकाळी मला जाग आली ती तिच्या आवाजाने. ती पलंगाच्या कडेला बसली होती आणि मी उठलेय की नाही याची खात्री न करताच बोलत होती.

"मी तुझ्या दादाच्या घरी किती वेळा गेलेय?"

मी म्हटलं, पुष्कळदा.

"तिथे कधी आपटले? दवाखान्यात? बँकेत? कुणाच्याही घरात?"

मी आठवून बघितलं. कुठेच नाही.

"कारण परक्या घरात माझा पाय आधी विचारतो. हात पुढे जातो, बोटं चाचपतात, मग मी जाते. इथे पाय विचारतच नाही. त्याला वाटतं, आपलंच घर." ती थांबली. "तू सगळं इतकं तसंच केलंस ना, की मला सारखं घरी आल्यासारखं वाटतं. वास तोच, फरशी तीच, पलंग लांबही तेवढाच. त्या नादात मी जुन्या घरात चालायला लागते. मग भिंत येते."

मी उठून बसले. माझ्या कागदावरचं एकेक अंतर मला दिसत होतं. फरक कमी करायचा म्हणून मी रात्री जागवल्या होत्या. फरक जितका कमी, तितकी चूक होण्याची शक्यता कमी, असं मी धरून चालले होते. उलट होतं. चूक व्हायला साम्यच लागत होतं. दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या असतील तर एकीला दुसरी समजायची भूलच पडत नाही.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"मोड सगळं," आई म्हणाली. "हे घर मला ओळखू येता कामा नये."

दादा दात घासत होता. मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने ब्रश तोंडातच ठेवून माझ्याकडे बघितलं. चूळ भरून म्हणाला, "काल लावलं, आज विस्कटायचं. घर आहे की पत्त्यांचा डाव?" आणि गाडी संध्याकाळची आहे, बॅग भरून झालीय, आईला आता उगाच आशा लावू नकोस, असंही म्हणाला. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत तू नुसता बसूनच राहणार आहेस ना? पलंग मला एकटीला हलत नव्हता, ते त्याला बघवलं नाही; तो दुसरं टोक धरायला आला.

आईने सांगायचं आणि आम्ही उचलायचं. झोपायची खोली बाहेर आणली, बसायची आत नेली. सोफा आडवा टाकला. जेवणाचं टेबल मधोमध असायचं, ते भिंतीला चिकटवलं. पलंग तिने तिरका लावायला सांगितला, कोपऱ्यात डोकं करून. "तिरका पलंग मी जन्मात पाहिला नाही," ती म्हणाली, "म्हणजे अगदी पाहत होते तेव्हासुद्धा." स्वयंपाकघराच्या दारातलं पायपुसणं काढून तिथे काथ्याची चटई टाकली, पायाला टोचेल अशी. कपाट बाहेर येईना, दाराच्या चौकटीत अडकलं, दादाने कपाटाला शिव्या घातल्या. मग त्याने स्वतःच ते आडवं करून काढलं आणि घाम पुसत मला म्हणाला, "प्रोफेसर, तुमच्या शास्त्रात याला काय म्हणतात?"

शेगडी राहिली. आईला ती ओट्यावर नकोच होती. समोरच्या भिंतीला टेबल लावून त्यावर हवी होती. गॅसची नळी तेवढी पुरत नव्हती. गॅसवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, काल तुम्हीच जागा दाखवलीत. मी म्हटलं, हो, मीच दाखवली, चुकले, या. तो म्हणाला बघतो. दुपार झाली, तो आला नाही. नळाला पाणी आलं, सुतार आला आणि मोजून निघूनही गेला, गॅसवाला आला नाही. दादा मधून मधून घड्याळाकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. शेगडी पेटल्याशिवाय परीक्षाच होणार नव्हती, आणि परीक्षा झाली नाही तर निकाल कालचाच होता. आईची बॅग दारापाशी उभी होती.

तोवर आई नव्या मांडणीत फिरत होती. मला ते बघवत नव्हतं. काल ती ऐटीत चालत होती, आज म्हाताऱ्या बाईसारखी. एक हात भिंतीवर, दुसरा पुढे, पाऊल घासत. सोफ्याला हात लागला की थांबायची, त्याची सगळी कड चाचपायची, मग पुढे. दादाचा चेहरा पडला होता. तिला असं चालताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता तर संपलंच, हे बघून तो तिला अर्ध्या वाटेतून उचलूनच नेईल.

गॅसवाला आला तेव्हा ऊन खिडकीतून निघून गेलं होतं. त्याने नवी लांब नळी जोडली, मला काही सुनावलं, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते बघितलं आणि गेला. दादाने गाडी कितीला सुटते ते मोठ्याने म्हटलं. कुणालाच उद्देशून नाही.

"चहा पिऊन निघू," आई म्हणाली. "मी करते. तुम्ही दोघं तिथे बसा, हलायचं नाही."

आम्ही भिंतीजवळच्या टेबलाशी बसलो. तिथून स्वयंपाकघरातलं सगळं दिसत होतं.

ती काथ्याच्या चटईवर आली, थांबली. मग हात पुढे करून शेगडीच्या टेबलाची कड शोधली आणि त्या कडेने शेगडीपर्यंत गेली. आधी दोन्ही बर्नर वरून चाचपले. काही नव्हतं. चाव्या चाचपल्या. उजव्या चावीवर बोट ठेवून दुसऱ्या हाताचं बोट उजव्या बर्नरवर टेकवलं, मनात जोडल्यासारखं, मग तिथेच पातेलं ठेवलं. पेला घेऊन पाणी भरायला सिंककडे वळली. एवढ्यात दादा पुढे झुकला, कारण ती चुकत होती. तिचा हात अगदी सहज, झटकन डावीकडे निघाला होता, जुन्या घरात सिंक होतं त्या बाजूला. तिथे आता रिकामी हवा होती आणि तिच्यापुढे फ्रिजचा कोपरा.

हात मधेच थांबला.

तो तसाच हवेत राहिला. तिने बोटं मिटली, हात परत घेतला, शेगडीच्या टेबलावर टेकवला. मग दुसऱ्या बाजूने, भिंतीला धरून, हळूहळू सिंककडे गेली. दादा खुर्चीत मागे सरकला. त्याचा श्वास मला ऐकू आला.

पुढचं सगळं भयंकर सावकाश झालं. चावी आणि लायटर यांच्यामध्ये ती थांबली, कान देऊन ऐकलं, मगच टिचकी मारली. ज्योत निळी लागली. साखरेचा डबा सापडायला इतका वेळ लागला की पाणी उकळून खाली गेलं आणि तिला पुन्हा भरावं लागलं. एका कपातला चहा बशीत सांडला. तो बाहेर आणताना ती दोन पावलं टाकून थांबायची, पुन्हा दोन टाकायची. कप दादासमोर ठेवायच्या आधी तिने दुसऱ्या हाताने टेबल आहे ना ते चाचपून घेतलं.

दादाने घोट घेतला. चहा कोमट झाला असणार.

"एवढा वेळ लागला तुला, आई."

"हो," ती म्हणाली. "परकं घर आहे ना."

"आणि रोज एवढा वेळ लागणार?"

"रोज नाही. कधीतरी मला ते घर वाटायला लागेल, मग परत सांभाळावं लागेल." ती खुर्ची शोधून बसली. "पण तू आज पाहिलंस ना? मी थांबले."

दादा कपात बघत बसला. त्याला सासूबाईंचं न्हाणीघर दिसत असावं, आणि हवेत थांबलेला तो हातही. यातलं कुठलं जास्त खरं, हे त्याचं ठरत नव्हतं. शेवटी तो उठला, दारापाशी गेला, आईची बॅग उचलली. बॅग घेऊन तो आतल्या खोलीत गेला, तिथे सोफा बघून थबकला, परत बाहेर आला.

"कपाट कुठल्या खोलीत ठेवलंय आपण?" त्याने वैतागून विचारलं.

जाताना तो म्हणाला की पुढच्या महिन्यात तो न सांगता येईल, आणि आईच्या अंगावर एक जरी डाग दिसला तर कुणाचं ऐकणार नाही. आई म्हणाली, सांगून ये, नाहीतर चोर समजून काहीतरी फेकून मारीन, आणि काय हाताला लागेल ते अजून मलाच माहीत नाही. दादा हसला, पण पुरता हसला नाही. जिन्यावरून त्याची पावलं खाली जाईपर्यंत ती दाराशी उभी राहिली, आणि ती आत वळली तेव्हा मी तिचा हात धरला. या वेळी तिने हात सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मला कामावर जायचं होतं. मी निघायला नको तितका उशीर करत होते. गॅस बघितला, खिडक्या बघितल्या, फरशीवरचं एकेक खोकं उचलून वर टाकलं. आई म्हणाली, आता तू गेलीस तर मला जरा शांतपणे चाचपता येईल. मी दार ओढून घेतलं आणि बाहेरच उभी राहिले.

आतून तिच्या चपलांचा आवाज आला. घासत, हळू. मग थांबला. मी दाराला कान लावला. काहीच नाही. कुलपाकडे माझा हात गेलाच होता, तेवढ्यात भिंतीवरून बोटं सरकल्याचा बारीक आवाज झाला आणि चपला पुन्हा चालू लागल्या. परत थांबल्या. परत निघाल्या. शेजारचं दार उघडलं, कुणीतरी बाहेर येऊन माझ्याकडे बघू लागलं. मी किल्ली पिशवीत टाकली आणि जिना उतरू लागले.